पेटीवरचं नाव

(दृश्य: स्वयंपाकघर. कढईत फुलणारी कुरडई. खिडकीबाहेर पावसाची झड.)

आषाढ म्हणजे तळणीचा महिना. कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेल्या कुरडया. भगूरच्या पुढे, दारणेच्या अंगाला असलेल्या या घरात आज तेच चाललंय. तारीख 26 जुलै. सकाळपासून कारगिल विजय दिवसाचे मेसेज येताहेत. आजींचे दोन्ही हात पिठात, त्यामुळे फोन नुसताच वाजतोय.

या पट्ट्याला तोफ नवी नाही. देवळालीला तोफखान्याचं स्कूल, नाशिकरोडला आर्टिलरी सेंटर. रेंजवर फायरिंग असलं की फडताळातली भांडी थरथरतात. पाहुणा दचकला तर घरातलं कुणीतरी म्हणतं, "काही नाही, आपलीच आहे." देशभरातली पोरं इथे तोपची व्हायला येतात. 1999 मध्ये कारगिलला आपल्या तोफखान्यानं गोळे, बॉम्ब, रॉकेट मिळून अडीच लाखांवर मारा केला, त्याच्या आधारानं पायदळ कडे चढलं. द्रासजवळच्या पॉइंट 5140 ला 2022 मध्ये 'गन हिल' नाव मिळालं, ते या तोपचींसाठी. कारगिलच्या त्या लढाईत एकूण 527 जवान कामी आले. तेव्हाही 26 जुलैला आषाढच होता.

आजींचा थोरला त्या 527 मधला नव्हे. तो नंतर गेला, काश्मीरमध्येच. गावातली पोरं मात्र दर 26 जुलैला त्याचाही फोटो लावतात. आजी दुरुस्त करत नाहीत.

त्याचं नाव आम्ही घेत नाही, कारण घरच्यांनी तसं सांगितलंय. "फ्लेक्सवर पुष्कळ झालं," आजी म्हणाल्या. तो श्रद्धांजलीचा फ्लेक्स पुढे कांद्याच्या चाळीवर गेला. मला ते खटकलं, खरं सांगतो. आजींना नाही.

"कांदा भिजला असता तर तोच ओरडला असता माझ्यावर."

(दृश्य: मधल्या खोलीत काळी लोखंडी पेटी. कॅमेरा हळूहळू अक्षरांजवळ.)

ही त्याची पेटी. युनिटकडून घरी आली तेव्हा आत गणवेश होता, लोकरीचे मोजे, दाढीचं सामान, मच्छरदाणी. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर, हुद्दा, नाव. अक्षरं त्याचीच, शेवटच्या अक्षराला जागा पुरली नाही म्हणून ते बारीक काढलेलं. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात 25 हजारांहून जास्त नावं ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरली आहेत, सगळी एका मापाची. हे बारीक अक्षर तिथे नाही.

पेटी वर्षभर कुणी उघडली नाही. मग धाकट्याच्या घरी मुलगी झाली आणि डास फार झाले. आजींनी स्वतः मच्छरदाणी काढून पाळण्यावर बांधली. गणवेश कपाटात गेला. रिकामी पेटी कशाला गंजवायची, म्हणून त्या उन्हाळ्यात तिच्यात पापड-कुरडयांचे डबे गेले. मुंग्या शिरत नाहीत, उंदराची भीती नाही. अशी पेटी आता बाजारात मिळत नाही, हे सूनबाईंचं मत.

ती पाळण्यातली मुलगी आता पाचवीत आहे. मोठ्या पप्पांना तिनं पाहिलेलं नाही. त्यांचा आर्मी नंबर मात्र तिला घरच्या मोबाइल नंबरासारखा पाठ आहे. वाचायला शिकली ती याच झाकणावर.

(दृश्य: स्वयंपाकघर. तेलातून धूर.)

"अगं, आणतेस ना? तेल तापून गेलं!"

"आणते गं आजी, वरचा डबा की खालचा?"

"खालचा. आणि झाकण नीट लाव त्याचं, सादळतील."

(पेटीचं झाकण बंद होतं. कडी लागल्याचा आवाज.)