खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे चालणे

श्रोतेहो, नमस्कार. सत्तरी ओलांडलेल्या आजी न्हाणीघरात घसरतात, खुब्याचे हाड मोडते, दोन दिवसांत शस्त्रक्रियाही होते. आणि मग भेटायला येणारा प्रत्येक जण "आता महिनाभर अजिबात हलू नका" असे मायेने सांगून जातो. या मायेच्या सल्ल्याला आज मी विरोध करणार आहे.

मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला खुब्याच्या खोबणीत बसणारा गोळा असतो आणि त्याच्या लगेच खालचा निमुळता भाग म्हणजे हाडाची मान. हाड या मानेपाशी मोडून सरकले, तर गोळ्याला रक्त पोहोचवणाऱ्या बारीक वाहिन्या तुटतात आणि गोळा निर्जीव होण्याची भीती असते. म्हणून वयस्कर रुग्णांमध्ये बहुधा तो काढून कृत्रिम गोळा बसवतात. मानेच्या खाली मोडले, तर तेथील रक्तपुरवठा चांगला असल्याने रॉड किंवा पट्टी-स्क्रूने हाड सांधतात. दोन्हींमागचा एक मोठा हेतू हाच, की रुग्णाला लवकर पायावर भार देता यावा. म्हणूनच सर्जनने मनाई केली नसेल, तर दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभे राहायचे असते. पडून राहिल्याने छातीत कफ साचतो, पायाच्या शिरांत गुठळ्या होतात, पाठीला जखमा पडतात आणि मांडीचे स्नायू झपाट्याने वाळतात. दुखते म्हणून कोणी उठत नसेल, तर व्यायामाआधी वेदनाशामक गोळी कधी घ्यावी, हे डॉक्टरांना विचारावे. दुखणे सोसण्यात काही मर्दुमकी नाही.

खरी मेहनत आहे ती खुब्याच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूंची. आपण पाऊल उचलतो, तेव्हा टेकलेल्या पायाच्या बाजूचे हे स्नायू कंबर समतल धरून ठेवतात. ते दुबळे राहिले, की हाड उत्तम जुळूनही माणूस लंगडतो. त्यासाठी आधाराला धरून उभे राहून पाय बाजूला नेण्याचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट शिकवतात. काठीबाबत मात्र घरोघरी हमखास चूक होते. शस्त्रक्रिया उजव्या खुब्याची असेल, तर काठी डाव्या हातात हवी, कारण तेव्हाच या स्नायूंवरचा ताण कमी होतो.

कृत्रिम गोळा बसवलेल्यांनी पाटावर बसणे, मांडी घालणे, उकिडवे बसणे हे सर्जनच्या परवानगीशिवाय करू नये. कमोड उंच हवा. देवपूजा खुर्चीवर बसून केली, तरी देव रागावत नाही.

बहुतेक सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत दिसते, पुढे वर्षभर ती हळूहळू चालू राहते. तरीही अनेकांच्या हातातली काठी कायमची राहते, हे नातेवाइकांना आधीच सांगितलेले बरे. एक गोष्ट मात्र अनेकदा राहूनच जाते. उभ्या उंचीवरून पडून खुबा मोडला, याचा अर्थ बहुधा हाडेच ठिसूळ झाली आहेत. त्यावर औषधे आहेत, वर्षातून एकदा शिरेतून द्यायचे इंजेक्शनही आहे; घरी सोडण्यापूर्वी त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा, कारण दुसरा खुबाही त्याच हाडाचा आहे.