सेमॉड्यूल चालवण्याआधी

मंडळी, एसईलिनक्स, म्हणजे कोणत्या प्रोग्रॅमला काय करू द्यायचं हे ठरवणारी लिनक्सची सुरक्षा यंत्रणा. ते २००३ मध्ये लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आलं, आणि तेव्हापासून ते बंद कसं करायचं हेच लोक आधी शिकतात. आज आपण बंद करणार नाही. पॉलिसीत, म्हणजे त्याच्या नियमसंचात, आपला नियम घालायचा, काढायचा, तो कुठे बसला ते पाहायचं, एवढंच.

पॉलिसी नियमांच्या गठ्ठ्यांची, म्हणजे मॉड्यूलची बनते, आणि ती हाताळणारी कमांड म्हणजे सेमॉड्यूल. ‘सेमॉड्यूल डॅश एल’ दिलं की मॉड्यूलची लांबलचक यादी येते. तिच्यापुढे ‘फुल’ जोडा, तेव्हा प्रत्येक नावाआधी एक आकडा दिसेल, तो त्याचा प्राधान्यक्रम. डिस्ट्रिब्यूशनबरोबर आलेली मॉड्यूल १०० वर असतात. तुम्ही ‘डॅश आय’ने टाकलेलं ४०० वर बसतं. एकाच नावाची दोन असली तर मोठ्या आकड्याचं चालतं, लहान आकड्याचं पूर्ण झाकलं जातं. त्यांची बेरीज होत नाही. सगळी गोम इथेच आहे.

नेहमीचा प्रकार बघा. सोमवारी वेब सर्व्हर अडला. लॉगमधल्या नकाराच्या ओळी ऑडिट-टू-अलाऊला, म्हणजे नकारांवरून नियम बनवणाऱ्या साधनाला, दिल्या, ‘मायलोकल’ नावाचं मॉड्यूल बनवलं, टाकलं, काम झालं. गुरुवारी बॅकअपची स्क्रिप्ट अडली. फक्त नव्या ओळी घेतल्या, पुन्हा तेच नाव दिलं. बॅकअप सुरू झाला आणि वेब सर्व्हर परत अडला! नाव तेच, आकडा तोच, म्हणजे नव्याने जुन्याची जागा घेतली. म्हणून प्रत्येक कामाला वेगळं नाव द्या, मागे ‘लोकल’ लावून.

‘अपाची’ असं नाव तर देऊच नका. ‘एचटीटीपीडी_टी’ हा टाइप, म्हणजे अपाची वेब सर्व्हरच्या प्रोसेसला लागणारं लेबल, मूळ अपाची मॉड्यूलमध्येच जाहीर केलेला आहे. तुमच्या चार ओळींच्या मॉड्यूलने मूळचं झाकलं, की तो टाइप जाहीर करायला कोणी उरत नाही, आणि पॉलिसीची बांधणी फसते. सुदैवाने अशा वेळी जुनी पॉलिसी तशीच लागू राहते.

पण मुळात मॉड्यूल हवं का? फाइल होम डिरेक्टरीतून ‘एमव्ही’ने हलवली असेल, तर तिचं लेबल जुनंच राहतं, तिथे लेबल दुरुस्त करणारं ‘रिस्टोरकॉन’ पुरतं. सर्व्हरला बाहेर नेटवर्क जोडणी हवी असेल तर त्यासाठी तयार बूलियन, म्हणजे पॉलिसीतला चालू-बंद करायचा स्विच, आहे. ऑडिट-टू-अलाऊ यातलं काही ठरवत नाही. नकाराला परवानगीत बदलणारा तो आज्ञाधारक कारकून आहे. त्याने बनवलेली नियमांची ‘टीई’ फाइल वाचल्याशिवाय तयार मॉड्यूलची ‘पीपी’ फाइल टाकणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही.

काढताना ‘डॅश आर’. तेही ४०० वरचंच काढतं, त्यामुळे खाली १०० वर मूळ मॉड्यूल असेल तर ते आपोआप लागू होतं. ‘डॅश डी’ मात्र त्या नावाचं मॉड्यूल सगळ्या आकड्यांवर निष्क्रिय करतं, फाइल न पुसता.

आणि काम अडतंय पण लॉग कोरा, असं झालं तर ‘डोन्टऑडिट’ नियम नकार लपवत असण्याची शक्यता असते. ‘सेमॉड्यूल डॅश डीबी’, दोन्ही अक्षरं कॅपिटल, म्हणजे ते नियम उठतात. लॉग भराभर वाढू लागतो, तेव्हा शोध संपताच नुसतं कॅपिटल ‘डॅश बी’ देऊन पॉलिसी पुन्हा बांधून घ्या.