सोनामुखी : अर्धं औषध पानात, अर्धं आतड्यात

[दृश्य : दगडाळ वाळवंट, कोरड्या ओढ्याचं पात्र, त्यात विखुरलेली झुडपं]

आस्वानच्या दक्षिणेला, नाईल आणि तांबडा समुद्र यांच्या मधे नूबियाचं वाळवंट पसरलंय. पावसाचा भरवसा नाही, पण वर्षा-दोन वर्षांत कधी एखादी सर आली, तर पाणी या ओढ्यांतूनच वाहून जातं. झुडपंही तिथेच दाटतात. कमरेएवढी उंची, करडी-हिरवी पानं, पिवळी फुलं. ही सोनामुखी, पोट साफ करणारं जुनं औषध. वनस्पतिशास्त्रात सेना अलेक्झांड्रिना. सुदान, सोमालिया, अरबस्तान आणि इकडे सिंधपर्यंत ती रानात आपोआप उगवते.

जुन्या काळी सुदानातून उंटांवर लादलेली तिची वाळकी पानं नाईलवर यायची, तिथून नावेतून कैरो आणि पुढे अलेक्झांड्रिया बंदर. युरोपातले औषधविक्रेते तिला त्या बंदराच्या नावानं ओळखत, म्हणून शास्त्रीय नावातही बंदरच आलं. झाड मात्र त्या बंदरापासून शेकडो कोस दूर.

[दृश्य : पर्णिकेचा जवळून घेतलेला फोटो, मग सूक्ष्मदर्शकाखालचा छेद]

आता पान जवळून बघा. एका देठावर पर्णिकांच्या चार ते आठ जोड्या, आणि शेवटीही जोडीच, एकटी पर्णिका नाही. पर्णिकेच्या बुडाशी मधल्या शिरेची एक बाजू जरा खाली उतरलेली असते, दुसरी वर थांबते. हे तिरकं बूड लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आंब्याच्या किंवा वडाच्या पानाचा आडवा छेद घेतला, तर खांबासारख्या उभ्या हिरव्या पेशी ठळकपणे वरच्या बाजूला दिसतात, कारण ऊन वरून येतं. सोनामुखीच्या पानात मात्र त्या वर आहेत आणि खालीही आहेत. वाळवंटात वाळूही ऊन परत फेकते, तेव्हा खालची बाजू रिकामी ठेवण्यात अर्थ नाही. त्यावर मेणाचा थर, आखूड जाड केस, आणि सालीच्या काही पेशींत पाणी धरून ठेवणारा बुळबुळीत पदार्थ. फुलात मध नाही. परागकोशाच्या टोकाला बारीक भोक असतं. भुंगा फूल धरून अंग थरथरवतो, आणि पराग भुकटीसारखा बाहेर उडतो.

हे झाड शिंबावंत, म्हणजे हरभरा-तुरीच्या कुळातलं. पण तूर-हरभऱ्याच्या मुळांवर असतात तशा नत्राच्या गाठी हिच्या मुळांना नसतात. त्यामुळे "शेंगेचं पीक आहे, जमीन सुधारेल" अशा हिशेबानं कोणी लावू नये.

[दृश्य : सावलीत पसरलेली पानं, उलथणारे हात]

आता खरी गंमत. झाडावरच्या ताज्या पानात आपल्याला हवं असलेलं औषध फारसं नसतंच. त्यात असतात साखर जोडलेले अँथ्रोन नावाचे रेणू. पान तोडून सावलीत, चाळीस-पन्नास अंशांच्या आत सावकाश वाळलं, की पानातलीच विकरं, म्हणजे एन्झाइम, दोन-दोन रेणू एकमेकांना जोडतात. तयार होतं सेनोसाइड. पानं पसरण्याचं, उलथण्याचं काम म्हणजे नुसती साठवणीची तयारी नव्हे, ती रसायनाची एक पायरी आहे.

शेकडो वर्षं लोक ही पानं घेत होते, पण त्यांतलं नेमकं काय काम करतं याचा पत्ता नव्हता. १९४१ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे आर्थर स्टोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सेनोसाइड ए आणि बी वेगळे काढले. दोघांत अणू तेच, तितकेच. फरक फक्त अवकाशातल्या मांडणीचा.

सेनोसाइडच्या दोन्ही अंगांना ग्लुकोज चिकटलेलं असतं. आपल्या लहान आतड्याला तो जोड सोडवता येत नाही, आणि एवढा मोठा रेणू शोषूनही घेता येत नाही. म्हणून तो जसाच्या तसा मोठ्या आतड्यात पोचतो. तिथले जिवाणू ग्लुकोज तोडून खातात, उरलेल्या जोडरेणूचे दोन तुकडे होतात. त्या तुकड्याचं नाव ऱ्हाइन-अँथ्रोन, आणि कामाचा गडी तोच. तो आतड्याची हालचाल वाढवतो आणि पाणी शोषणं कमी करतो. रात्री घेतलेली गोळी सकाळी का लागू पडते, ते यातून कळतं. एवढ्या प्रवासाला सहा ते बारा तास लागतातच.

वजन उतरवणाऱ्या "डिटॉक्स" चहांच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत बऱ्याचदा हीच सोनामुखी असते. जेवणातली साखर, तेल, प्रथिनं लहान आतड्यातच शोषली गेलेली असतात. सोनामुखीचं काम सुरू होतं त्यानंतर. काट्यावर कमी दिसतं ते पाणी. त्याबरोबर पोटॅशियमही जातं, आणि ते मात्र महागात पडू शकतं. महिनोन्‌महिने घेणाऱ्यांच्या मोठ्या आतड्याचं अस्तर दुर्बिणीतून बघितलं तर तपकिरी-काळं पडलेलं दिसतं. औषध थांबवल्यावर काही महिन्यांत रंग उतरतो.

[दृश्य : पिवळ्या फुलांनी भरलेलं माळरान]

भारतात सोनामुखीची लागवड आधी तमिळनाडूत तिरुनेलवेली, तुतुकुडी भागात रुजली, आणि नंतर राजस्थानातही पसरली. पाणी साचलं की पीक मरतं, पण शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. कुंपणाचा खर्च वाचतो, हे मारवाडातल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

मराठीत हिला भुईतरवडही म्हणतात, आणि आपल्या माळावरचा तरवड तिचा सख्खा नातलग. कातडी कमावायला साल देणारा तो हाच. त्याची वाळकी पानं सोनामुखीत मिसळण्याचा उद्योग जुना आहे. तरवडात सेनोसाइड नाही, म्हणजे गिऱ्हाइकाच्या हाती नुसता पाला. प्रयोगशाळेत पानांवर ८० टक्के गंधकाम्ल घालतात. तरवड असेल तर किरमिजी रंग चढतो. घरी आम्लाशी खेळू नका, पर्णिकेचं बूड बघा. तरवडाचं बूड दोन्ही बाजूंना बरंचसं सारखं असतं.

काष्ठौषधींच्या दुकानात सुटी पानं मिळतात. पंचसकार चूर्णात सोनामुखीबरोबर सुंठ आणि बडीशेप असते, ती मुरडा कमी व्हावा म्हणून. पण चमचाभर चुर्णात सेनोसाइड किती, ते पान कुठलं आणि कसं वाळवलं यावर ठरतं. गोळीवर मिलिग्रॅम छापलेले असतात. दोन्हींपैकी काहीही घ्या, पण आठवड्यावर गरज पडली, पोट फार दुखत असलं, किंवा रुग्ण लहान मूल वा गरोदर बाई असली, तर आधी डॉक्टरांना विचारा.