बोर्ड गेला म्हणजे नेमकं काय गेलं?

(दृश्य: दुरुस्तीचं दुकान, टेबलावर मागचा पत्रा काढलेला ओव्हन)

गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारापासून थोडं आत. बाहेर आषाढातला पाऊस, आत टेबलावर हा विजेवरचा ओव्हन. मालकीणबाई घरून केकच्या ऑर्डरी घेतात. त्यांची तक्रार अशी: घड्याळ दिसतं पण पुसट, १८० अंश लावले की आतून टकटक ऐकू येते आणि ओव्हन मात्र गार तो गारच. आधी पाहून गेलेल्या माणसाने उभ्याउभ्याच सांगितलं होतं: बोर्ड, म्हणजे ओव्हनला चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, गेला, तो आता मिळत नाही, नवीन ओव्हन घ्या.

बोर्डावर लहानमोठे कितीतरी भाग असतात. त्यातला कुठला गेला, हे कुणी तपासलंच नव्हतं. या दुकानातले काका तिथूनच सुरुवात करतात.

(दृश्य: मल्टिमीटरच्या पिना, एलिमेंटचं टोक)

प्लग काढलेला आहे. आधी बोर्ड सोडून बाकी सगळं. ओव्हन तापवणारं हजार वॉटचं एलिमेंट, २३० व्होल्टला साधारण ५३ ओहम यायला हवेत. मीटर ५१ दाखवतो. एलिमेंट ठीक आहे.

मग सेन्सर. पेन्सिलीसारखी ही बारीक नळी ओव्हनच्या आत मागच्या भिंतीवर असते. तिच्यात प्लॅटिनमची सूक्ष्म पट्टी आहे. शून्य अंशाला तिचा रोध १००० ओहम असतो आणि तापमान वाढेल तसा तो ठरलेल्या चालीने वाढतो. बोर्डाला ओव्हनची उष्णता कळते ती एवढ्यावरच. काका नळी उकळत्या पाण्यात धरतात. आकड्याकडे पाहा. ११२०... १२३०... १३१०... आणि १३८५ च्या अलीकडेपलीकडे तो थांबतो. शंभर अंशाला हाच आकडा यायला हवा. सेन्सर उत्तम! हा खराब असता तर चांगल्या बोर्डाने चुकीची उष्णता दिली असती आणि शिक्षा बोर्डालाच झाली असती. असे कितीतरी बोर्ड विनाकारण बदलले जातात.

(दृश्य: बोर्ड भिंगाखाली)

आता बोर्ड. कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढलाय. खारी हवा आणि चार महिन्यांची ओल, गोव्यात हे रोजचंच. ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने तो साफ होतो. रिले म्हणजे एलिमेंट चालूबंद करणारा, विजेने ओढला जाणारा स्विच. त्याच्या पायांभोवती डाख (सोल्डर) तडकला आहे का, तेही भिंगातून पाहून होतं. तडा नाही. विजेचा भार साठवणारा कपॅसिटरही कुठे फुगलेला दिसत नाही. वरवर पाहता बोर्ड निरोगी आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. या बोर्डाला ट्रान्सफॉर्मर नाही. घरातली वीज थेट एका कपॅसिटरमधून खाली उतरवलेली आहे, म्हणून चालू असताना त्याचा प्रत्येक भाग २३० व्होल्टचा समजायचा. काकांनी मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (घरच्या लाइनपासून वेगळी करून वीज देणारा) आणि सिरीज बल्ब (शॉर्ट झालं तर प्रवाह आवरणारा) लावलाय तो त्यासाठी. घरी हा प्रयोग करू नका.

वीज दिली. रिलेसाठी २४ व्होल्ट हवेत, आणि आहेतही. मग ओव्हन चालू करायचं बटण दाबलं, आणि मीटर २४ वरून घसरत १३ वर आला. टकटक! रिले ओढू पाहतो, ताकद पुरत नाही, सोडून देतो. मालकीणबाईंना ऐकू येत होतं ते हेच.

संशय आता एकावरच. वीज कापून, साठलेला भार उतरवून काका वीज खाली उतरवणारा तो चौकोनी कपॅसिटर काढतात. अंगावर छापलंय ०.६८ मायक्रोफॅरड. मीटर म्हणतो ०.२१.

(दृश्य: कपॅसिटर तळहातावर)

याच्या आत प्लास्टिकच्या फिल्मवर धातूचा अतिशय पातळ मुलामा असतो. विजेचा झटका आला की तेवढा ठिपका जळून जातो आणि बाकीचा कपॅसिटर वाचतो. आग लागू नये म्हणून मुद्दाम केलेली ही रचना. पण झटक्यागणिक मुलामा कमी होत जातो, आणि ओल आत शिरली तर तो गंजतोही. बाहेरून काहीच दिसत नाही. ०.६८ मधून सुमारे ४९ मिलिअँपिअर प्रवाह जातो, ०.२१ मधून जेमतेम १५. घड्याळ कसंबसं चालतं, रिले नाही.

त्याच मापाचा, त्याच एक्स-टू दर्जाचा (थेट घरच्या विजेवर लावायच्या कपॅसिटरचा सुरक्षा दर्जा) नवा कपॅसिटर पन्नास रुपयांच्या आत मिळतो. खरी किंमत आहे ती तो शोधून काढणाऱ्या माणसाची, आणि ती आपण द्यायला हवी.

(दृश्य: चालू ओव्हन, आत टांगलेला थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार)

घड्याळ लख्ख. रिले एकदाच, ठाम वाजतो. काटा १८० च्या आसपास खालीवर होत राहतो, जसा व्हायला हवा.

असा ओव्हन भंगारात गेला असता तर त्याचा ई-कचराच झाला असता. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं आहे, सुटे भाग आणि मॅन्युअल मागायला ते जरूर वापरा.

(दृश्य: बोर्डाच्या मागच्या बाजूला वार्निशचा फवारा)

ओल लागू नये म्हणून सोल्डरच्या बाजूला वार्निश, कनेक्टर झाकून. मालकीणबाईंना काका बजावतात: "ताई, भाजणं झाल्यावरही आतला पंखा फिरत असतो, तो बोर्ड थंड करतो. तो थांबेपर्यंत मेन स्विचला हात लावायचा नाही."