कामाचा माग: संस्थेची रचना तपासताना आणि नव्यानं आखताना

[दृश्य: झाडासारखा दिसणारा जुना, हातानं रेखाटलेला तक्ता. कॅमेरा खालून वर.]

साल १८५५. न्यूयॉर्क अँड ईरी रेल्वे, साधारण ५०० मैलांचा मार्ग. लांब मार्गावर दर मैलामागचा खर्च कमी यायला हवा, असा सगळ्यांचा हिशेब. प्रत्यक्षात तो छोट्या रेल्वेपेक्षा जास्त येत होता. जनरल सुपरिंटेंडेंट डॅनियल मॅककॅलम यांनी त्याचं कारण माणसांच्या आळसात न शोधता रचनेत शोधलं. ५० मैलांच्या मार्गावर एक अधिकारी सगळं जातीनं पाहू शकतो. ५०० मैलांवर ते शक्यच नाही. म्हणून त्यांनी मार्गाचे विभाग पाडले, प्रत्येक विभागप्रमुखाला ठरावीक अधिकार दिले आणि तारयंत्रानं खबर कुणी कुणाला, किती वेळानं द्यायची हे बांधून दिलं. मग कोण कुणाच्या हाताखाली हे दाखवणारा हा तक्ता आला. यात संचालक मंडळ तळाशी आहे, आणि मार्गावरची माणसं फांद्यांवर.

आज रचना बदलायची म्हटलं, की बहुतेक ठिकाणी थेट तक्ताच उघडतात. चार खोकी इकडची तिकडे, दोन पदांची नावं नवी, आणि सोमवारी परिपत्रक. तीन महिन्यांनी तक्रारी त्याच असतात. तक्ता शेवटी काढायचा असतो. आधी कामाचा माग काढायचा.

[दृश्य: टेबलावर दहा फायली. प्रत्येकीवर तारखांचे शिक्के.]

गेल्या दोन महिन्यांत पूर्ण झालेली दहा कामं निवडा. ग्राहकाची मागणी, दुरुस्तीची तक्रार, खरेदीचा अर्ज, जे तुमच्याकडे रोज होतं ते. त्यात तीन तरी रखडलेली हवीत. प्रत्येक काम शेवटाकडून सुरुवातीकडे तपासत जा आणि प्रत्येक टेबलावरच्या चार वेळांची नोंद करा: काम आलं कधी, हातात घेतलं कधी, संपलं कधी, पुढे गेलं कधी. परत आलं असेल तर कशासाठी, तेही लिहा.

ही माहिती नोंदींतून घ्या, आणि नोंद नसेल तिथे काम करणाऱ्यालाच विचारा, पण त्या एका कामाबद्दल. ‘साधारण किती वेळ लागतो?’ असं विचारलं, की माणूस चांगल्या दिवसाचा वेळ सांगतो. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. वाईट दिवस त्याच्या लेखी अपवाद असतो.

समजा, एक अर्ज ५ टेबलांवरून गेला. प्रत्यक्ष काम सगळं मिळून ४० मिनिटं, आणि अर्ज निकाली निघाला ११ दिवसांनी. कामाचा वेग दुप्पट केलात तरी वाचतील २० मिनिटं. बाकीचे ११ दिवस आहेत तिथेच राहणार. म्हणून प्रशिक्षण किंवा नवं सॉफ्टवेअर घेण्याआधी वाट पाहणं कुठे साचतंय ते बघायचं. मोजायला सोपं आहे: एखाद्या टप्प्यावर १२० अर्ज पडलेले असतील आणि रोज १५ निकाली निघत असतील, तर नव्या अर्जाला सरासरी ८ दिवस लागणार. तिथला माणूस कितीही कष्टाळू असो.

रांग का साचते? पहिलं कारण म्हणजे माणसाला पूर्ण भरून टाकणं. सह्यांचं काम एकाच अधिकाऱ्याकडे आहे आणि कामं कधी दोन, कधी वीस अशी येतात. रांगेच्या साध्या गणितानुसार तो ८० टक्के वेळ व्यग्र असेल, तर एका सहीला जितका वेळ लागतो त्याच्या सरासरी ४ पट वेळ नुसती वाट पाहण्यात जातो. ९० टक्के असेल तर ९ पट, ९५ टक्के असेल तर १९ पट. ‘रिकामा कुणी दिसता कामा नये’ हा हट्ट किती महाग पडतो, ते इथे कळतं.

दुसरं कारण म्हणजे परत येणारी कामं. पाच टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्यावर ९० टक्के कामं पहिल्याच वेळी बिनचूक होतात, असं धरू. ऐकायला छान वाटतं. पण पाचही टप्पे न अडखळता पार करणारी कामं भरतात फक्त ५९ टक्के.

तिसरं कारण, निर्णय नेमका कुणाचा हेच ठरलेलं नसणं. याच्यावर थोडं थांबू.

[दृश्य: एक कोरा कागद, चार रकाने. पेन्सिलनं नावं भरली जातात.]

वारंवार घ्यावे लागणारे पंधरा-वीस निर्णय एकाखाली एक लिहा. सवलत देणं, माणूस नेमणं, तारीख पुढे ढकलणं, माल नाकारणं. समोर चार रकाने: सुचवतं कोण, ठरवतं कोण, कुणाची संमती लागते, कुणाला फक्त कळवायचं. हा कागद विभागातल्या पाच जणांना वेगवेगळा भरायला द्या, एकत्र बसवून नव्हे. ‘ठरवतं कोण’च्या रकान्यात एका निर्णयासमोर तीन वेगवेगळी नावं आली, तर दुखणं तिथे आहे. त्या रकान्यात एकच नाव हवं. समितीचं नाव घातलंत, तर ठरवणारं कुणीच नाही असं समजा.

संमतीचा रकाना मात्र आपोआप फुगत जातो. कधीतरी एक चूक झाली, एक सही वाढली. पुढे ती का वाढली हे कुणाला आठवत नाही. प्रत्येक सहीसाठी एकच गोष्ट तपासा: गेल्या वर्षभरात या टेबलावरून किती कामं नाकारली गेली किंवा बदलली गेली? आकडा शून्य असेल, तर ती सही नुसता टोलनाका आहे. अपवाद सुरक्षिततेचा आणि पैशांचा. मागणी नोंदवणारा आणि बिल चुकतं करणारा माणूस एकच असू नये. तिथे शून्य नकार आले तरी दुसरी सही राहू द्या.

आता रचना. कुणाला कुणाबरोबर ठेवायचं, याचा निकष समाजशास्त्रज्ञ जेम्स थॉम्प्सन यांनी १९६७ साली मांडला, आणि तो अजून उपयोगी पडतो. काही कामं एकमेकांत सतत मागेपुढे जातात, काही एका दिशेनं पुढे सरकतात, काहींत फक्त तिजोरी सामाईक असते. सतत मागेपुढे जाणारी कामं आधी एका छताखाली, एका प्रमुखाकडे आणायची. एका दिशेनं जाणाऱ्यांना वेळापत्रक पुरतं. तिजोरीच सामाईक असेल, तर नियम पुरतात.

विभाग कौशल्यानुसार पाडा, उत्पादनानुसार पाडा किंवा दोन्हींची जाळी करा. प्रत्येक रचना कामांना जोडणारा कुठलातरी धागा तोडतेच. तुटलेल्या प्रत्येक धाग्यासाठी पूल ठेवावा लागतो: नेमून दिलेला माणूस, आठवड्याची अर्ध्या तासाची बैठक किंवा दोन्ही विभागांच्या मूल्यमापनात असलेला एकच आकडा. पूल कागदावर नसेल, तर मंजूर तक्ता म्हणजे अर्धाच तक्ता.

आणि तोडलेले धागे तयार वस्तूतही दिसतात. संगणकतज्ज्ञ मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली एका संस्थेचं उदाहरण दिलं. कोबोल आणि अल्गोल या संगणकाच्या दोन भाषा; त्यांतला मजकूर यंत्राला कळेल अशा रूपात बदलणारा प्रोग्रॅम म्हणजे कंपायलर. आठ माणसं, पाच जण कोबोलच्या कंपायलरवर, तीन जण अल्गोलच्या. तयार झालेला कोबोलचा कंपायलर पाच टप्प्यांत चालला, आणि अल्गोलचा तीन!

[दृश्य: दोन पिरॅमिड. एक उंच, एक बसका.]

एका प्रमुखाच्या हाताखाली किती माणसं? १,२९६ कामगार आणि प्रत्येकी ६ जण धरले, तर ४ थर आणि २५९ प्रमुख लागतात. प्रत्येकी १२ धरले, तर वरपर्यंत ३ थर आणि ११८ प्रमुख. बचत मोठी दिसते, म्हणून सरसकट बारा करायचा मोह होतो. पण व्यवस्थापन सल्लागार व्ही. ए. ग्रेक्युनास यांनी १९३३ साली दाखवलं, की ४ माणसं हाताखाली असताना प्रमुखाचे एकेकाशी, गटागटाशी आणि माणसांचे आपापसांतले धरून संभाव्य नातेसंबंध ४४, पाचव्या माणसानं १०० आणि सहाव्यानं २२२. यातले सगळे संबंध रोज जिवंत नसतात, त्यामुळे हा आकडा शब्दशः घेऊ नये. हाताखालचे सगळे एकच ठरावीक काम करत असतील, तर पंधराही चालतात. प्रत्येकाचं काम वेगळं आणि नवं असेल, तर सहा जणसुद्धा जड जातात.

दोन-तीन पर्यायी रचना झाल्या, की ती जुनी दहा कामं पुन्हा काढा आणि प्रत्येक रचनेतून कागदावर चालवा. किती वेळा हात बदलले, किती निर्णय वर गेले, मोजा. ‘आधुनिक’ दिसणारा पर्याय इथेच बऱ्याचदा मागे पडतो.

मूल्यमापनही त्याच वेळी बदला. दोन विभागांनी एकमेकांना मदत करावी अशी अपेक्षा, पण पगारवाढ मात्र आपापल्या टार्गेटवर. अशा ठिकाणी माणसं टार्गेटच गाठतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

[दृश्य: जुना छापील फॉर्म. त्यावर बंद झालेल्या विभागाचं नाव.]

अंमलबजावणी फसते ती अगदी बारीक गोष्टींत. तक्ता नवा, पण संगणकातल्या मंजुऱ्या जुन्याच साहेबांकडे. खर्चाचे कोड जुने. पहिल्या दिवसाआधी हे लिहून तयार हवं: रजा कोण मंजूर करणार, कुणाचा खर्च कुठल्या खात्यात पडणार, अर्धवट राहिलेलं प्रत्येक काम कुणाच्या नावावर. शिवाय प्रत्येक विभागात असा एक माणूस असतो, ज्याला सगळे अडलं की विचारतात. तक्त्यात त्याला काही मान नसतो. ‘अडलं तर कुणाकडे जाता?’ हे सगळ्यांना विचारा, तीच ती नावं पुन्हा पुन्हा येतील. त्या माणसाची बदली करण्याआधी त्याला ठाऊक असलेलं कुणाकडे जाणार, ते ठरवा.

पहिले काही आठवडे काम मंदावतं. तेवढ्यात घाबरून पुन्हा खोकी हलवू नयेत. ९० दिवसांनी नवी दहा कामं घ्या, त्याच चार वेळा टिपा आणि जुन्या कागदाशेजारी ठेवा. एकूण दिवस घटले आहेत का, हे तर बघाच. पण एका टेबलावरची रांग नाहीशी होऊन तेवढीच रांग पुढच्या टेबलावर उभी राहिली आहे का, तेही बघा.