मेम्फिसची जोडी

नमस्कार, श्रोतेहो. सोल, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत, म्हटलं की गायकांची नावं चटकन आठवतात. आज मात्र मी बोलणार आहे गाणी लिहिणाऱ्या, चाली बांधणाऱ्या आणि ती मनासारखी रेकॉर्ड होईपर्यंत स्टुडिओ न सोडणाऱ्या दोघांविषयी. आयझॅक हेज आणि डेव्हिड पोर्टर, अमेरिकेतल्या मेम्फिस शहराचे.

तिथल्या मॅकलेमोर अव्हेन्यूवर एक जुनं सिनेमा थिएटर होतं. जिम स्टुअर्ट आणि त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी त्या जागेत स्टॅक्स ही रेकॉर्ड कंपनी थाटली. खुर्च्या काढल्या, पण थिएटरची उतरती जमीन तशीच राहिली. पुढच्या भागात एस्टेलबाईंचं रेकॉर्डचं दुकान. समोरच्या किराणा दुकानात पोर्टर काम करायचे. हेज आजी-आजोबांकडे गरिबीत वाढलेले, लहानपणी कापूस वेचलेला. स्टॅक्समध्ये ते आले पियानो आणि ऑर्गन वाजवायला.

ढोबळमानाने पोर्टर शब्दांचे आणि हेज सुरांचे. पण दोघांच्याही कानात चर्च मुरलेलं होतं. १९६५ मध्ये सॅम मूर आणि डेव्ह प्रेटर हे दोन गायक स्टॅक्समध्ये आले आणि या जोडीला हवे ते गळे मिळाले. आपल्या भजनात एकाने ओळ टाकावी आणि टाळकऱ्यांनी ती उचलून धरावी, तशी ही गाणी चालतात. सॅम हाक देतो, डेव्ह ओ देतो, आणि मधल्या जागा ट्रम्पेट-सॅक्सोफोन भरून काढतात. वादकांपुढे नोटेशनचा कागद नसायचा. हेज तोंडाने गुणगुणून दाखवायचे आणि वादक ते तिथल्या तिथे पकडायचे.

'होल्ड ऑन, आयम कमिंग' या गाण्याचा जन्म तर ऐकण्यासारखा आहे. दोघं लिहायला बसले होते आणि पोर्टर बाथरूममध्ये गेले. हेजनी घाई केली, तेव्हा आतून उत्तर आलं, "थांब जरा, येतोय!" तेच शब्द घेऊन पोर्टर बाहेर धावत आले. १९६६ मध्ये हे गाणं तुफान गाजलं.

पुढच्या वर्षीच्या 'सोल मॅन'ची मुळं मात्र रस्त्यावरच्या आगीत आहेत. जुलै १९६७ मध्ये डेट्रॉइट पेटलं होतं. कृष्णवर्णीय दुकानदारांनी आपली दुकानं वाचावीत म्हणून दारांवर 'सोल', म्हणजे हे दुकान आपल्याच माणसाचं, असं लिहून ठेवलं होतं. हेजनी ते टीव्हीवर पाहिलं आणि त्यातून अभिमानाचं गाणं काढलं. रेकॉर्डिंगमध्ये स्टीव्ह क्रॉपर यांनी गिटारच्या तारांवर सिगारेटचा लायटर सरकवला, आणि सॅम गाता गाता ओरडला, "प्ले इट, स्टीव्ह!" ती आरोळी रेकॉर्डमध्ये तशीच राहू दिली, हे मला फार मोलाचं वाटतं. वर्णभेदाने चिरलेल्या मेम्फिस शहरात एक कृष्णवर्णीय गायक एका गोऱ्या गिटारवादकाला नावाने दाद देतोय!

पण १९६८ उजाडलं आणि सगळं विस्कटलं. ४ एप्रिलला मेम्फिसच्याच लोरेन मोटेलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. याच मोटेलमध्ये स्टॅक्सची मंडळी उतरायची, गाणी लिहायची. हेज त्या घावाने पार खचले. त्याच वर्षी स्टॅक्सच्या रेकॉर्ड बाजारात पोहोचवणाऱ्या अटलांटिक कंपनीशी असलेला करार संपला आणि मुळात अटलांटिकचेच असलेले सॅम-डेव्ह तिकडे परत गेले. माझ्या मते जोडीला खरा फटका बसला तो इथे. ज्या दोन गळ्यांना डोळ्यांपुढे ठेवून ते लिहायचे, तेच गेले. पुढे हेज स्वतः गायक म्हणून मोठे झाले, 'शाफ्ट' या चित्रपटाच्या गाण्यासाठी त्यांना ऑस्करही मिळालं. २००५ मध्ये सॉन्गरायटर्स हॉल ऑफ फेमने दोघांचाही गौरव केला.

आता एक गाणं ऐकूया, १९६७ चंच, पण संथ लयीतलं : 'व्हेन समथिंग इज राँग विथ माय बेबी'. आधी एकच आवाज येईल. दुसरा कुठे येऊन मिळतो, त्या जागेकडे कान ठेवा.