रावे ते हमरापूर: चिखलातून मातीकडे

सकाळचे साडेसहा वाजलेत आणि आपण आहोत पेण तालुक्यातल्या रावे गावात. कोकण म्हटलं की पांढरी वाळू आणि माड आठवतात ना, तर ते आज या व्हिडिओत नाहीत, आधीच सांगून टाकतो. इथे समुद्र खाडीतून आत येतो आणि पाताळगंगेच्या काठाला ओहोटीत उरतो तो नुसता चिखल, काळा, गुळगुळीत, आणि मागे तिवरं.

होड्या चिखलात कलंडल्यात. एक काका जाळं झाडतायत, निघाली मूठभर कोळंबी, दोन चिंबोऱ्या आणि बाकी सगळं प्लास्टिक. जिताडा मासा मिळाला का विचारलं तर हसले, "जिताडा काय रोज गावतो?" आणि मी शॉटसाठी खाली उतरायला लागलो तसे ओरडले, "बांदावरशी चल, चिखलान जाशील!" ऐकलं नाही. एक चप्पल अजून तिथेच आहे.

मग बांधावरून चालायचं. हा बांध म्हणजे खारबंदिस्ती, एका बाजूला खारं पाणी, दुसऱ्या बाजूला भातशेती, मध्ये माणसाने घातलेला चार-पाच फुटांचा मातीचा ढीग, बस. बांधात मधेमधे उघाडी असते, म्हणजे दार. ओहोटीला शेतातलं पावसाचं पाणी आतून ढकलतं की दार उघडतं, भरती चढली की समुद्रच ते दाबून बंद करतो. वीज नाही, मोटार नाही. पण उधाणाला बांध फुटला, खांड गेली, की खारं पाणी शेतात घुसतं आणि पुढची काही वर्षं भात धड येत नाही, म्हणून इथे बांधाची चर्चा घरच्या माणसाच्या तब्येतीसारखी चालते.

थांबा, आवाज करू नका. तो बघा निवट्या. मासाच आहे, पण पुढच्या परांवर रेटा देत चिखलावर चालतोय, डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. कल्ल्यांत ओलावा धरून ठेवतो म्हणून पाण्याबाहेर जमतं त्याला. आपण जवळ गेलो की बिळात. (कालवण झकास होतं, पण आत्ता नको.)

ऊन चढेपर्यंत जोहे येतं आणि एकदम चित्रच बदलतं. अंगणात, पडवीत, शेडमध्ये गणपती, हजारोंनी, सगळे पांढरे, बिनडोळ्यांचे. जोहे, हमरापूर हा भाग मूर्तींच्या कारखान्यांचा, वर्षभर काम चालू, परदेशी जाणारे गणपती तर पावसाच्या कितीतरी आधी निघतात. बऱ्याच मूर्ती पीओपीच्या, काही शाडूच्या. शाडूची जड, वाळायला वेळ खाते, धक्का लागला की गेली.

मी आपला विचारलं, ही शाडू खाडीतली का? सकाळपासून इतका चिखल तुडवलाय, वाटलं इथूनच काढत असतील. तर नाही, ती येते गुजरातेतून, भावनगरकडून, गोणींत भरून.

आत एक ताई आखणी करतायत, म्हणजे डोळे. बारीक ब्रश, श्वास रोखलेला, एक रेघ, मग बुबुळ, आणि आत्तापर्यंत नुसती मूर्ती असलेला तो आपल्याकडे बघायला लागतो. मी कॅमेरा घेऊन पुढे सरकलो, तर त्यांनी मान वर न करता ब्रशनेच दाराबाहेरच्या पाण्याच्या ड्रमकडे दाखवलं.

"पाय धुवून ये आधी. ती माती इकडे नको."